अकरावीनंतरची सुट्टी

उन्हाळा सरला की फ्रेमवाल्यांच्या दुकानात प्रमाणपत्रांची रीघ लागायची. कुणी यंत्रमानव बनवलेला, कुणी परकी भाषा शिकलेला, कुणी कुठल्याशा टेकडीवर झाडं लावून आलेला. मुलं मागे उभी राहून मोबाइलशी खेळायची आणि आयाच पुढे होऊन सांगायच्या, "काका, कडा जरा रुंद ठेवा. भिंतीवर उठून दिसलं पाहिजे."

फ्रेमवाले स्वतः दहावीच्या पुढे गेले नव्हते. पण इतकी वर्षं दुसऱ्यांचे कागद काचेखाली घालून घालून त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. चांगल्या कॉलेजच्या अर्जात एक रकाना असतो: सुट्टीत काय केलंत? कुणाच्या मुलाने त्यात काय भरलं आणि त्याला कुठे प्रवेश मिळाला, हे त्यांना तोंडपाठ होतं. लोक त्यांचा सल्लाही घ्यायचे. "कागदावर मोठ्या संस्थेचा शिक्का हवा," ते काच पुसता पुसता सांगायचे, "बाकी मग मुलगा तिथे झोपला तरी चालतंय."

त्यांची स्वतःची मुलगी ठकू मात्र अकरावीपर्यंत एकाही शिबिराला गेली नव्हती.

ठकू चार वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हा फ्रेमवाल्यांची थोरली बहीण दोन आठवड्यांसाठी म्हणून आली, ती कायमची राहिली. आत्या बस स्थानकावर उद्घोषक होती. लोखंडी जिन्यावरच्या काचेच्या खोलीत बसून ती सव्वीस वर्षं गाड्या सोडत होती. गावातल्या निम्म्या लोकांनी तिचा चेहरा पाहिला नव्हता, पण बाजारात तिने नुसतं "वांगी कशी दिली?" विचारलं की भाजीवाला चमकून वर बघायचा. घरीसुद्धा तिचा तोच थाट. "कृपया लक्ष द्या! ठकू नावाच्या प्रवाशाने अजून दात घासलेले नाहीत." ठकू हसून लोळायची.

ती अकरावीत गेली आणि सहामाही परीक्षेच्या सुमारास आत्याला झटका आला. उजवा हात लुळा पडला तो हळूहळू सुधारला, पण वाचा गेली ती गेलीच. समोरच्याचं सगळं कळायचं. बोलायला तोंड उघडलं की मात्र नुसता "ते... ते..." एवढाच आवाज निघायचा. जिच्या आवाजावर गाड्या हलायच्या, ती पाण्याच्या पेल्याकडे बोट दाखवून रडायची. फ्रेमवाल्यांना ते बघवायचं नाही. ते दुकानात जाऊन बसायचे.

ठकू मात्र चिवट होती. एका रविवारी आत्याचे केस विंचरता विंचरता ती सहज, जुन्या सवयीने, त्या ठरावीक सुरात म्हणाली, "कृपया लक्ष द्या..."

आणि आत्याच्या तोंडून पुढचं आलं. "फलाट क्रमांक दोन."

ठकूच्या हातातला कंगवा खाली पडला. ती धावतच दुकानात आली. "बाबा, आत्या बोलली!" फ्रेमवाले हातातलं काम टाकून घरी गेले. आत्या परत बोलेना. पण ठकूने सूर लावला, तिच्या गुडघ्यावर बोटांनी ताल धरला, तसं ते पुन्हा आलं. सरळ बोलताना जे शब्द सापडत नव्हते, ते त्या सुरात आपसूक येत होते.

मग ठकूने शाळेची वही काढली. एका पानाला एक शब्द. आधी सुरात म्हणायचा, मग सूर थोडा थोडा कमी करायचा. वार्षिक परीक्षेचे दिवस असूनही रोज संध्याकाळी एक तास. "कृपया लक्ष द्या, पाणी, फलाट क्रमांक दोन" असं म्हणत म्हणत एक दिवस आत्या नुसतं "पाणी" म्हणाली. परीक्षा संपेपर्यंत वहीत एकेचाळीस शब्द जमले होते. "भाऊ" हा शब्द तेविसावा. तो ऐकल्यावर फ्रेमवाले मोरीत जाऊन नळ सोडून उभे राहिले.

"सुट्टीत मी हेच करणार," ठकू म्हणाली. "दिवसभर मिळेल. दीडशे शब्दांपर्यंत नेते बघ तिला."

फ्रेमवाल्यांनी खिशातून एक पत्रक काढलं. दूरच्या शहरातल्या नावाजलेल्या विद्यापीठाचा सहा आठवड्यांचा अभ्यासवर्ग. त्यांनी तिचं नाव आधीच घातलं होतं.

"पुढच्या वर्षी अर्ज भरायचे आहेत तुला. त्या रकान्यात काय लिहिणार?"

"हेच लिहीन की."

"घरात आत्याला बोलायला शिकवलं, असं? अगं, घरातलं काम कोण विचारतंय! शिक्का कोण मारणार त्यावर?"

"बाबा, तिचं आत्ता कुठे जमायला लागलंय. सहा आठवडे सोडलं तर..."

"मी आहे ना. वही दे माझ्याकडे. मी घेतो तिचं रोज."

ठकू दोन दिवस जेवायला नीट बसली नाही. शेवटी आत्यानेच तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्या कष्टाने म्हणाली, "जा." तो शब्द वहीत नव्हता. फ्रेमवाल्यांना वाटलं, चला, सुटलो.

ठकू गेली आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं की हे आपल्याला जमायचं नाही. सूर लावायची त्यांना लाज वाटायची. खिडकी बंद करून ते पुटपुटल्यासारखं "कृपया लक्ष द्या" म्हणायचे. आत्या त्यांच्याकडे नुसती बघत राहायची. शब्द चुकला की ते लगेच दुरुस्त करायचे, "पाणी गं ताई, पा-णी," आणि ती तोंड मिटून घ्यायची. आठवड्याभरात वही फळीवर गेली. दुकानातही गर्दी होती.

ठकूचा दर रविवारी फोन यायचा. आत्या फोनवर बोलायची नाही, पण ठकूने तिकडून सूर धरला की इकडे तिचे डोळे चमकायचे, ओठ हलायचे. तिसऱ्या रविवारी तर तिने स्पष्ट विचारलं, "ठकू, गाडी कधी?"

चौथ्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, आत्याला दुसरा झटका आला. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जिवावरचं टळलं. पण बोलण्याचं आता काही खरं नाही. घरचं कुणी लांब असेल तर बोलावून घ्या."

फ्रेमवाल्यांनी फोन हातात घेतला. नंबर लावला. आणि रिंग जायच्या आत बंद केला. दोन आठवडेच उरले होते. आत्ता निघाली तर कागद मिळणार नाही, सगळं केलेलं पाण्यात. आल्यावर सांगू.

रविवारी ठकू म्हणाली, "आत्याला फोन दे."

"झोपलीय गं ती."

"आत्ता? संध्याकाळी?"

"उन्हाने थकते. पुढच्या रविवारी बोल."

पुढच्या रविवारी ते म्हणाले, शेजारच्या काकू तिला फिरायला घेऊन गेल्यात. हे सांगताना आत्या त्यांच्यापासून दोन हातांवर, उशीला टेकून बसलेली होती. फोनमधून ठकूचा आवाज बाहेर येत होता. आत्याने तो ऐकला. तिने डावा हात फोनकडे पुढे केला. फ्रेमवाले वळले आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बोलले.

ठकू परत आली ती दारातूनच ओरडत, "कृपया लक्ष द्या!" आत जाऊन बघते तो आत्याचं तोंड एका बाजूला ओढलेलं. आत्याने तिला ओळखलं. डोळ्यांतून धारा लागल्या. पण घशातून हवेशिवाय काही येईना.

"कधी झालं हे?" ठकूने विचारलं.

फ्रेमवाल्यांनी वार सांगितला.

तिने मनातल्या मनात हिशेब केला असावा. दोन रविवार. ती ओरडली नाही, भांडली नाही. तशी भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना पुढे कितीदा वाटलं. तिने वही शोधून काढली, धूळ पुसली आणि आत्याजवळ जाऊन बसली. पहिल्या पानापासून. अडीच महिने ती रोज बसत होती. सूर, ताल, सगळं. एकही शब्द परत आला नाही. मग एका दुपारी, ठकू शाळेत असताना, आत्या गेली.

अर्ज भरायची वेळ आली तेव्हा ठकूने त्या रकान्यात अभ्यासवर्गाचं नाव लिहिलं, एका ओळीत. फ्रेमवाल्यांना दाखवलं. "असंच ना?" म्हणाली. गुण चांगले होते. तिला घरापासून एका दिवसाच्या प्रवासावरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला.

ती गेल्यावर महिन्याभराने शाळेतल्या, मुलांना अर्जांसाठी मदत करणाऱ्या बाई दुकानात आल्या. त्यांना सहकाऱ्याच्या निरोप समारंभाचा फोटो फ्रेम करून हवा होता. बोलता बोलता ठकूचा विषय निघाला.

"हुशार मुलगी. पण अर्ज मात्र अगदी कोरडा लिहिला हो तिने," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, अगं, मनापासून केलेलं काहीतरी सांग. कॉलेजवाले तेच शोधत असतात. शिबिरं काय, सगळेच करतात. तर म्हणाली, तसं काही नाही."

फ्रेमवाल्यांनी त्यांना सांगितलं. वही, सूर, एकेचाळीस शब्द. दोन रविवार सोडून सगळं सांगितलं.

बाई म्हणाल्या, "अहो, मग हे का नाही लिहिलं तिने?"

"मीच नको म्हटलं होतं," फ्रेमवाले म्हणाले. त्यांनी फोटो उलटा करून मागचा पुठ्ठा बसवायला घेतला. चार पिना ठोकायच्या होत्या. दोन वाकड्या गेल्या. बाईंनी उद्या येते म्हटलं आणि त्या निघून गेल्या.

पहिली मोठी सुट्टी जवळ आली तेव्हा त्यांनी ठकूची खोली झाडून घेतली, पलंगावर नवी चादर घातली. आठवडा गेला तरी ती कधी येणार ते कळेना, तेव्हा त्यांनी फोन केला.

"सुट्टी लागली ना गं?"

"हो. पण मी इथेच थांबतेय, बाबा. वाचनालयात काम मिळालंय."

"अर्जासाठी लागतं का पुढच्या?"

"नाही. असंच."

त्यांनी धीर केला. "ठकू, रागावलीस का अजून?"

"राग नाही रे. मी दोनदा तिकीट काढलं होतं. पण बस स्थानकावर गेले की ते लोक घोषणा करायला लागतात. मग मला चढता येत नाही."

फ्रेमवाल्यांना काहीतरी म्हणायचं होतं. ओठ उघडले, पण शब्द सापडेना. पलीकडून ठकू म्हणाली, "बाबा? आहेस ना?"

"आहे," ते म्हणाले.