मेव्हण्याच्या गाडीचं इंजिन

फोरमन म्हणजे बस डेपोतले निवृत्त मिस्त्री. पस्तीस वर्षं त्यांनी बसची इंजिनं उघडली आणि जोडली, पण आपल्या पान्याला दुसऱ्याचा हात म्हणून लागू दिला नाही. बायकोसुद्धा त्यांना फोरमनच म्हणायची. रागावली की हमखास.

अशा माणसाच्या जेवणघरात मेव्हण्याच्या स्पोर्ट्स कारचं इंजिन येऊन बसलं. मेव्हणा म्हणजे बायकोचा पाठचा भाऊ. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यानं याच गाडीतून दोघांना फिरवून आणलं होतं. सीटा दोन, माणसं तीन. त्यामुळे नवरदेव मागच्या फटीत, सामानासारखे. त्या दिवशी धरलेली पाठ अजून सुटली नाही, असं फोरमन सांगत. तसा दिवसही पुन्हा आला नाही, हेही तेच सांगत.

पुढे गाडी बंद पडली, मेव्हणाही अंथरुणाला खिळला. जायच्या आधी त्यानं फोरमनचा हात धरला. "दाजी, गाडी भंगारात घालू नका. एकदा तरी ताईला तिचा आवाज ऐकवा." फोरमननी शब्द दिला.

मग काय, बायकोच्या डब्यांतून नट-बोल्ट, ताटांतून वॉल्व्ह. "अहो, जेवायचं कुठे?" तिनं विचारलं, आणि स्वतःच पाट घेऊन शिलाई मशीनजवळ बसली. चाळीस वर्षं तिनं त्या मशीनवर लोकांचे कपडे शिवले होते.

वर्षभर सगळं बिनबोभाट चाललं. घोडं अडलं ते शेवटी, वरचं झाकण आवळताना. लेथवाल्या दोस्तानं एक खास पाना देऊ केला होता. ठरलेला जोर लागला की तो हातात 'टक्' करतो. फोरमन म्हणाले, "मी काय भाजी तोलतोय? माझ्या हाताला कळतं." हाताला कळत होतं, पण बसचं. हे इंजिन ॲल्युमिनियमचं, नाजूक. चौथा बोल्ट एकाएकी लोण्यात फिरावा तसा गरगर फिरला. आतले आटे गेले होते.

फोरमन दोन दिवस जेवले नाहीत. लेथवाल्यानं भोक मोठं करून आत नव्या आट्यांचं पोलादी बुश बसवलं, पाना हातात ठेवला आणि बजावलं, "यात आता दुसऱ्यांदा भोक पाडायला जागा नाही. पुन्हा गेलं तर गाडी विसरा."

घरी येऊन फोरमननी जुन्या बोल्टवर सराव केला. तीनदा केला, तिन्ही वेळा 'टक्'च्या पुढे गेले. बसच्या घरघरीत कान गेलेले, मनगट थांबायला तयार नाही. त्यांनी पाना पुसला. पुन्हा पुसला. मग मशीनजवळ जाऊन बायकोपुढे धरला.

"मी?" ती म्हणाली.

"टक् झालं की थांबायचं. मधून सुरुवात करायची, मग आलटून पालटून बाहेर."

"कळलं. लांब पट्टी अशीच टाचतात. एका टोकाकडून गेलं की चुण्या पडतात."

फोरमन बघतच राहिले. मधूनच का, हे पस्तीस वर्षांत त्यांना कुणाला इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं. ते बॅटरीचा उजेड धरून उभे राहिले आणि तिनं एकेक बोल्ट आवळला. चौथ्याला त्यांनी डोळे मिटून घेतले. टक् त्यांना ऐकू आलं नाही. डोळे उघडले तेव्हा तिचा हात थांबलेला होता, एवढंच दिसलं.

रविवारी इंजिन गाडीत बसवलं. पहिल्या दोन वेळा नुसतं खोकलं. तिसऱ्यांदा पेटलं आणि सगळी गल्ली खिडकीत आली.

"वा फोरमन!" लेथवाला ओरडला. "आवळलंत शेवटी!"

फोरमनना नुसती मान हलवता आली असती. गल्ली बघत होती.

"मी नाही," ते म्हणाले. "हिनं."

तिचं लक्षच नव्हतं. गाडीवर हात ठेवून ती डोळे मिटून उभी होती.

"असाच यायचा हो कोपऱ्यावरून," ती म्हणाली. "मी दार उघडायला धावायची."