पितळी परातीतली बॅटरी

त्या वर्षी तुमचे आजोबा एका डोळ्यावर जगत होते. डावा डोळा काचबिंदूनं आधीच गेला होता आणि उजव्याला जपा, असं डॉक्टर दर भेटीत बजावत. आजोबा ते दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच विसरत. मी मात्र विसरत नसे. गल्लीत सांड समोर आला, दाढी करताना फेस वर उडाला, इतकंच काय, कोशिंबिरीची फोडणी जरा जोरात तडतडली, तरी माझं लक्ष त्यांच्या उजव्या डोळ्याकडे जाई.

तुमचे बाबा सुट्टीवर आले ते अमेरिकेहून बिनवायरीचा ड्रिल घेऊन. बनारसच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घरी गच्चीवरच्या खोलीला माकडांसाठी जाळी बसवायची होती. गच्चीपर्यंत वायर पोचत नव्हती आणि दुपारी वीजही नसायची, तेव्हा ड्रिल सोयीचा होता. त्याचा चार्जर तिकडच्या कमी दाबाच्या विजेचा, म्हणून आजोबांनी बाजारातून एक जड ट्रान्सफॉर्मर आणला. तो दिवाणखान्याच्या कोपऱ्यात घुमत बसायचा. मला तो घुमणारा आवाज सुद्धा आवडत नसे.

बाबा ड्रिल ठेवून परत गेले आणि थोड्याच महिन्यांत त्यानं दम तोडायला सुरुवात केली. चार्जरवरचा दिवा म्हणे बॅटरी भरली, पण दोन स्क्रू बसले की ड्रिल घरघरून थांबे. आजोबा रेल्वेच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, त्यांना असं कोडं म्हणजे पक्वान्न. आधी त्यांनी बॅटरीच्या पितळी पट्ट्या पॉलिश पेपरनं घासल्या. फरक पडला नाही. मग ड्रिलला स्कूटरच्या बॅटरीच्या दोन वायरी क्षणभर लावून पाहिल्या, तर तो सणसणीत फिरला. म्हणजे मोटर ठीक, दुखणं बॅटरीत. आत आठ सेल एकापुढे एक जोडलेले असतात, त्यांतला एखादा मेला की तो बाकीच्यांनाही ओढून खाली आणतो, असं त्यांनी मला समजावलं. तो एक शोधायचा, बस.

मी म्हटलं, बाजारात कुणाला तरी दाखवा ना. नदीपलीकडे रामनगरला सुद्धा अशी कामं करणारे आहेत.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "ही बॅटरी आहे, बॉम्ब नाही."

उन्हाळ्याची दुपार होती. गच्चीच्या खोलीत त्यांनी बॅटरीचं कवच उघडलं, सेलांवरचं पुठ्ठ्याचं वेष्टण सोलून काढलं आणि मीटर लावायच्या आधी स्क्रू हरवू नयेत म्हणून सगळं एका परातीत ठेवलं. कारखान्यात सुटे भाग कायम ट्रेमध्ये ठेवायची शिस्त होती आणि ती शिस्त त्यांच्या हातात मुरलेली होती. पण कारखान्यातला ट्रे लाकडी असायचा. आमच्या घरात कडा असलेलं जे काही होतं ते पितळेचं. आणि ती बॅटरी सकाळीच पूर्ण चार्ज झालेली.

मी जिन्यात चहा घेऊन होते. आतून फुसफुस ऐकू आली, प्रेशर कुकरची शिटी होण्याआधी येते तशी. सेलांची उघडी बुडं परातीला टेकली होती आणि परातीतूनच वीज वाहू लागली होती, हे मला नंतर कळलं. दारातून दिसलं ते एवढंच की आजोबा परातीवर वाकलेत. जवळचं नीट दिसावं म्हणून त्यांनी नेहमीसारखा चष्मा कपाळावर सरकवला होता.

मी "अहो" म्हणेपर्यंत एका सेलच्या तोंडातून पांढरी चिळकांडी उडाली.

ते ओरडले नाहीत. दोन्ही हात डोळ्यावर दाबून खाली बसले आणि अगदी हळू म्हणाले, "पाणी."

बनारसमध्ये राहणाऱ्याला चुना म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पानवाल्याच्या बोटावरचा चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, हे शेंबडं पोरही जाणतं. या सेलांतला क्षार त्याहूनही जळजळीत. शाळेत आम्हा शिक्षिकांना प्रथमोपचार शिकवले होते, त्यातलं एकच वाक्य डोक्यात घण घालत होतं. आधी पाणी, पुष्कळ पाणी, मग डॉक्टर.

आणि पाणी नव्हतं. नळ सकाळ-संध्याकाळ यायचा. वीज गेल्यामुळे पंप बंद, टाकी कोरडी. न्हाणीघरातल्या बादलीत साबणाचं पाणी. पिण्याच्या माठात तांब्याभर असेल नसेल. मी आजोबांना धरून खाली आणत होते.

भरलेल्या दोन घागरी घरात होत्या, पण त्या देवघरात. तुमच्या पणजींसाठी रोज पहाटे एक ब्राह्मण अहिल्याबाई घाटावरून सोवळ्यात गंगेचं पाणी आणून देई. त्यांचा स्वयंपाक त्याच पाण्यात, पिणंही तेच. त्या घागरींना माझा पदर लागला तरी त्या दिवशी पणजींना उपास घडे. मला त्या शिवाशिवीची भीती वाटली नाही, वाटली ती पाण्याची. घाटावर काय काय वाहून येतं ते मी रोज बघत होते. ते पाणी त्यांच्या एकुलत्या डोळ्यात घालायचं?

पणजी जप सोडून दारात आल्या होत्या. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. मी घागरींकडे बघतेय आणि हलत नाहीय, हे मात्र त्यांनी पाहिलं.

"उभी काय राहिलीस? घे ना. दोन्ही घे."

आजोबांचं डोकं मी चौकाच्या मोरीवर तिरपं धरलं. पणजींनी, ज्यांना एरवी भरला तांब्या उचलवत नसे, स्वतः घागर कलती केली. मी बोटांनी पापणी उघडी धरली. ते धडपडत होते आणि मी धरून ठेवत होते. पहिली घागर संपली, दुसरी संपली. मग ओल्या पदरानं डोळा झाकून त्यांना गल्लीतून बाहेर काढलं, कारण रिक्षा आत येत नाही. मोठ्या रस्त्यापर्यंत ते माझ्या खांद्याला धरून चालले. मी म्हणत होते, पायरी आहे, इथे नाली, इथे शेण. इतकी वर्षं पायाखालची गल्ली, आणि तिच्यात एवढे खड्डे आहेत हे मला ठाऊकच नव्हतं.

डॉक्टरांनी डोळा पुन्हा बराच वेळ धुतला. कुठल्या पाण्यानं धुतला होता ते मी चाचरत सांगितलं. त्यांनी मान वर केली. "गंगाजी का?" मग म्हणाले, "न धोतीं तो मेरे करने को कुछ बचता नहीं। अब देखना यह है कि पकता है कि नहीं।" औषध घातलं, पट्टी बांधली.

पिकतो की नाही. हे मी पणजींना सांगितलं नाही. त्यांची खात्री होती की गंगामाईनं डोळा वाचवला. मला रोज वाटे, तिनंच तो नेला असला तर? पट्टीखालून जरा ओल दिसली की मी हुंगून बघे. त्या जपाला बसत, आणि मी त्यांच्या मागे उभी राहून त्यांच्याच देवाला वेगळंच काहीतरी मागत असे.

आजोबांना स्वस्थ बसवेना. तुमच्या बाबांना फोनवर सांगून नवे सेल मागवायचे, तर खराब किती ते कळलं पाहिजे, म्हणून त्यांनी मला मीटर घेऊन बसवलं. बॅटरीचे सेल या वेळी लाकडी पाटावर होते, अंतराअंतरानं, खाली कोरडं फडकं. डोळ्यावर चष्मा असूनही मी मान मागे ओढून बसले होते. काळी पिन इथे, लाल तिथे, असं ते आंधळ्याला चालवावं तसं मला चालवत होते.

"एक पूर्णांक दोन," मी वाचलं.

"पुढे."

"एक पूर्णांक दोन."

"पुढे."

"शून्य."

"टोकं नीट टेकव. परत बघ."

"शून्यच."

"हा मुळातला मेलेला. फुटलेला कुठला?"

मी तो दाखवायला बोट पुढे केलं आणि मग लक्षात आलं की त्यांना दिसत नाही. आता कायम असंच, असं माझ्या मनात आलं. वर्तमानपत्र, पोथी, घड्याळ, माझं वाचणं आणि त्यांचं "पुढे".

"आवाज का कापतोय?" ते म्हणाले. "मीटर चावत नाही."

"पट्टी निघेपर्यंत कापणारच."

त्यांनी पट्टीची कड चाचपली. मग म्हणाले, "मी पण घाबरलोय. म्हणून तर तुला आकडे वाचायला लावतोय. वाच पुढचा."

मी पुढचा वाचला.

पट्टी काढायच्या दिवशी डॉक्टरांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला. कापूस निघाला. पापणी चिकटलेली होती, ती पुसता पुसता उघडली. डोळा लालभडक होता. डॉक्टरांनी बोटं वर केली आणि किती ते विचारलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. आजोबा त्यांच्या बोटांकडे बघतच नव्हते, माझ्या दिशेनं तोंड करून डोळा मिचकावत होते.

"अगं," ते म्हणाले, "कुंकू केवढं वाकडं लावलंयस."

डॉक्टरांना मराठी कळेना. "क्या कह रहे हैं?" त्यांनी मला विचारलं. सारा जन्म मी त्या शहरात हिंदी बोलत आले होते, पण त्या वेळी कुंकू सरळ करत मी मराठीतच म्हणाले, "दिसतंय त्यांना."