डोंगराची इर्जिक

हवामान वाचवण्याची शपथ घेतलेला माणूस आहे मी. शाळेच्या पटांगणात, हात पुढे करून, अशी खणखणीत घेतली की पवनेच्या धरणात लाटा उठल्या. त्या बाजूचे लोक तसं सांगतात आणि मी ते खोडून काढत नाही. शपथ द्यायला पुण्याहून एक वक्ते आले होते. त्यांची गाडी एवढी लांब, की पुढची चाकं शाळेत पोचली तेव्हा मागची अजून कामशेतच्या बाजारात होती. वक्ते तासभर बोलले आणि तासभर ती गाडी ड्रायव्हरला थंड हवा घालत घुरघुरत उभी राहिली. "बदल स्वतःपासून सुरू होतो," वक्ते म्हणाले. "दात घासताना नळ बंद ठेवा."

माझ्या बायकोला हळू बोलणं जमत नाही. "ठिवतो की बंद," ती म्हणाली, "आदी एकदा चालू करून दावा."

तरी मी शपथ पाळली. प्लॅस्टिकची पिशवी सोडली. मोटरसायकल सोडून सायकलवर तांदळाचं पोतं लादलं. चढावर ती सायकलच माझ्या खांद्यावर बसून आली. घरातले दिवे इतके विझवले की मांजर भिंतीला धडकायला लागलं. माझ्यापुरतं मी केलं, असं म्हणून मी निवांत झोपलो. हे 'माझ्यापुरतं' कुणी शोधून काढलं त्याला एकदा चैत्रात आमच्या डोंगरावर अनवाणी चालवला पाहिजे.

कारण डोंगर माझ्यापुरता पेटत नाही, अख्खा पेटतो. दिवाळीनंतर कमरेएवढं गवत वाळतं आणि होळीच्या आगेमागे कुणीतरी काडी लावतं. जळलेल्या जागी पुढच्या साली गवत जोमानं येतं, हा आमच्या लोकांचा लाडका समज. उरलेलं काम तंबू ठोकून कोंबड्या भाजणारे शनिवार-रविवारचे पाहुणे करतात. निखारे तसेच सोडून जातात. त्यात हल्ली उन्हाळा माघातच येऊन बसतो. झाडोरा जळतो, माती वाहून जाते, पाणी मुरत नाही आणि पायथ्याचा झरा वर्षागणिक बारीक होतो. माझ्या लहानपणी त्या झऱ्याखाली हंडा धरला तर माणूस हंड्यासकट वाहून जायचा. आता वाटी धरून बसावं लागतं.

त्या झऱ्यावर गावातल्या शेवटच्या घरातली मावशी जगते. ती, तिच्या दोन म्हशी आणि परसातली वांगी. गेल्या थंडीत ती मला म्हणाली, "औंदा डोंगर पेटला तर झरा ऱ्हात न्हाई बाबा. म्हशी इकून जावयाच्या दारात जाऊन पडावं लागंल मला."

मी पेटलो. म्हटलं, इर्जिक घालू. इर्जिक म्हणजे गावानं मिळून एकाचं काम उरकायचं आणि ज्याचं काम त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. मजुरी नाही, उपकार नाही. डोंगराच्या उतारावर आडवा पट्टा काढायचा, तिथलं गवत कापून माती उघडी करायची. आग तिथवर येते आणि खायला काही नाही म्हणून मरते.

पहिल्यांदा शेजारच्या आबांकडे गेलो.

"काम कुनाचं?" आबांनी विचारलं.

"डोंगराचं."

"मंग जेवाय डोंगर घालनार व्हय?"

"आबा, झरा सगळ्यांचा आहे."

"सगळ्यांचा म्हंजी कुनाचाच न्हाई. तरी यीन मी. तू म्हनतोस म्हनून यीन."

पट्ट्याचं एक टोक बंगल्यावाल्या साहेबांच्या तारेच्या कुंपणाला भिडत होतं, म्हणून त्यांच्याकडेही गेलो. साहेब पोहण्याच्या तलावाकाठी बसले होते. लोणावळ्याचा अख्खा पाऊस त्यात ओतला तरी काठ कोरडा राहील असा तो तलाव, आणि भरतो टँकरनं. "मी माझ्यापुरतं खूप करतो हो," साहेब म्हणाले. "छतावर सोलर बसवलंय, खत घरीच करतो. कुंपणालगतचं गवत माझा माणूस कापेल. तुम्ही निश्चिंत राहा."

ठरल्या दिवशी अख्खा गाव आला. विळे असे चालले की पुढचं गवत ते बघून आपणहून आडवं पडत होतं. सूर्य डोक्यावर आला तसे सगळे थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे बघायला लागलो.

कुणीच स्वयंपाक केला नव्हता. मला वाटलं, काम सगळ्यांचं, तर जो तो भाकरी बांधून आणेल. त्यांना वाटलं, हाळी मी दिली, तर यजमान मी.

"इर्जिकीला उपाशी ठिवलंस?" आबा कडाडले. "आमच्या बापजाद्यात कुनी आसं केलं न्हाई."

"काम माझ्या एकट्याचं आहे का?"

"मंग आमचं एकट्याचं हाय व्हय?"

मावशी म्हणाली, "आरं, भांडू नगा, मी टाकते भात." पण तोवर अपमान भुकेपेक्षा मोठा झाला होता. लोक घरी जेवायला गेले ते परत आले नाहीत. कुंपणाजवळ बैलगाडी जाईल एवढ्या रुंदीचं गवत तसंच उभं राहिलं. साहेबांचा माणूस फिरकला नाही. गावानं म्हटलं, ते साहेबांचं. साहेबांनी म्हटलं, ते गावाचं. मी म्हटलं, माझा वाटा मी केव्हाच आठपट केलाय.

होळीच्या अलीकडे, भर दुपारी, तंबूवाल्यांच्या निखाऱ्यातून आग निघाली. पट्ट्यापाशी आली आणि थांबली. खरंच थांबली! मग पट्ट्याच्या कडेनं कुत्र्यासारखी हुंगत हुंगत कुंपणापर्यंत गेली आणि तिला ते गवत सापडलं. सगळा गाव आग झोडपायला निरगुडीचे ओले फाटे घेऊन धावला. हात भाजले, भुवया जळाल्या, पण तेव्हा एकाही माईच्या लालानं विचारलं नाही की जेवण कुणाकडे आहे! साहेब गच्चीवरून व्हिडिओ काढत होते. संध्याकाळपर्यंत झऱ्यावरची झाडं काळी ठिक्कर पडली.

पुढं बरेच दिवस पारावर एकच उद्योग, चूक कुणाची. त्यात माझा सूर सगळ्यांत वर. मावशी काही पारावर दिसेना, म्हणून बघायला गेलो. गोठ्यात एकच म्हैस होती. मावशी वर कुंपणापाशी, काळ्या जमिनीत टिकाव घालत होती.

"मावशे, आता काय राहिलंय जळायचं?"

"पुढल्या साली गवत न्हाई का उगवायचं? का त्ये तुमाला इचारून उगवनार?" तिनं मान वर केली नाही. "एक इकली. दुसरी न्हाई इकायची मला."

मी तरातरा घरी आलो. बायकोला म्हटलं, "भाकऱ्या टाक. गावाला पुरतील एवढ्या."

"गाव येनार हाय?"

"नाही आलं तर मी एकटा बसून खाईन, त्यांच्या नाकासमोर!"

बायकोनं पिठाचा डबा उघडून आत बघितलं, मग परात ओढली आणि भिंतीवरून हाळी दिली, "आबा, तुमच्यातलं पीठ पाठवा."

"कशाला गं?"

"आदी पाठवा. आन पिठामागं टिकाव घिऊन तुमी बी या."