मधे कंडेन्सर नको

सासूबाईंना कमी ऐकू येऊ लागलंय हे आम्हाला टीव्हीच्या आवाजावरून कळलं. फरीदाबादच्या आमच्या सेक्टरमध्ये तेव्हा नुकताच केबलवाला आला होता, आणि दुपारच्या मालिकेतलं रडणं समोरच्या पार्कापर्यंत जायचं. शेजारच्या पंजाबी आंटी एकदा फाटकाशी थांबून मला हसत म्हणाल्या, "बेटा, हमने तो अपना टीवी बंद ही कर दिया. आपका ही सुन लेते हैं."

कानाच्या डॉक्टरांनी यंत्र दिलं. आईंनी ते चार दिवस लावलं. बोलणं कळायचं, पण कॅसेट लावली की त्या म्हणायच्या, पत्र्याच्या डब्यात बसून कोणीतरी गातंय. मान वळवली की कानात शिट्टी वाजायची. पाचव्या दिवशी यंत्र कपाटात गेलं आणि त्यांनी गाणं ऐकणंच सोडून दिलं. आई दिल्लीतल्या एका शाळेत आयुष्यभर गाणं शिकवत आल्या होत्या. सकाळी स्वयंपाकघरात त्यांचं गुणगुणणं चालायचं, तेही थांबलं. लग्न होऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं, तरी घर एकदम गप्प झालंय हे मलाही जाणवायचं.

 सासरे, म्हणजे बाबा, सरकारी खात्यात रेडिओच्या ट्रान्समीटरवर होते. मांडीएवढाले काचेचे व्हॉल्व्ह हाताळण्यात त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर गच्चीवरच्या खोलीत त्यांनी टेबल मांडलं होतं, आणि लोक जुने रेडिओ भंगारात टाकून नवे टू-इन-वन आणत होते त्या काळात ते त्या रेडिओंमधले व्हॉल्व्ह काढून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवत. एका रविवारी त्यांनी मला वर बोलावलं. मी सांगलीहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आलेली, ओखल्याला रंगीत टीव्हीच्या कारखान्यात टेस्टिंगला होते. सून म्हणून नव्हे, त्या विषयातली म्हणून त्यांनी मला बोलावलंय, हे त्यांनी पुढे केलेल्या कागदावरून कळलं. कागदावर सर्किट होतं.

"तिच्यासाठी हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर करतोय," ते म्हणाले. "दोन व्हॉल्व्ह. करोल बागेत जुने मोठे हेडफोन मिळालेत, कान पूर्ण झाकणारे. बघ जरा."

मी बघितलं आणि लगेच म्हटलं, "बाबा, दोन व्हॉल्व्हच्या मधे कपॅसिटर राहिलाय."

"राहिला नाहीये. मी घातलाच नाहीये. मधे कंडेन्सर नको." ते जुन्या पद्धतीने कंडेन्सरच म्हणायचे.

इथे थोडं सांगायला हवं. पहिला व्हॉल्व्ह आवाज मोठा करतो, दुसरा त्याला हेडफोन हलवण्याइतकी ताकद देतो. पण पहिल्यातून गाणं एकटं बाहेर पडत नाही, त्याच्याबरोबर शंभरएक व्होल्टचा स्थिर दाबही येतो. म्हणून दोघांच्या मधे कपॅसिटर बसवतात. तो गाणं पुढे सोडतो आणि दाब अडवतो, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह आपापल्या जागी सुखात राहतात. आम्हाला तेच शिकवलं होतं. बाबांची पद्धत वेगळी होती. ते दुसऱ्या व्हॉल्व्हलाच त्या शंभर व्होल्टच्या उंचीवर नेऊन बसवत होते आणि मधली तार थेट जोडत होते. पार्ट कमी लागतात, पण एक बिघडला की दुसराही त्याच्याबरोबर हलतो.

"फायदा काय?" मी विचारलं.

"तंबोऱ्याचा खर्ज. कंडेन्सर खालच्या सुरात थोडं तरी खातोच. तिला आधीच कमी ऐकू येतं. जे आहे ते सगळं पोचू दे."

"मोठा कपॅसिटर घातला तर काही खात नाही."

"तू मोजून सांगतेस. मी ऐकून सांगतोय."

शेवटी एक गोष्ट मी कबूल करून घेतली. दुसरा व्हॉल्व्ह आणि हेडफोन यांच्यामधला कपॅसिटर काढायचा नाही. तिथे आईंचा कान होता. ते म्हणाले, "तो काढायला मी काय वेडा आहे?"

डबा तयार झाला. रविवारी सकाळी आईंना खुर्चीत बसवून बाबांनी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला, त्यांच्याच एका जुन्या घरगुती बैठकीची कॅसेट लावली आणि बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापेपर्यंत काहीच नाही. मग हेडफोनमधून असा धप्पकन आवाज आला की मला तो दोन हात लांबून ऐकू आला. आईंनी दचकून हेडफोन ओढून काढला.

"अहो, हे काय?"

"सुरुवातीला होतं तसं. आता नाही होणार. लाव."

त्यांनी लावला. मग त्यांचा चेहरा मी बघत राहिले. भुवया आधी वर गेल्या, मग खाली आल्या, आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर ताल धरू लागली. बाबा माझ्याकडे बघत नव्हते, पण खूश झाले होते.

दहा मिनिटांत लाइट गेली. फरीदाबादला त्या उन्हाळ्यात ती दिवसातून पाच-सहा वेळा जायची. थोड्या वेळाने आली, आणि पुन्हा धप्प. आईंनी हेडफोन काढून टीपॉयवर ठेवला आणि म्हणाल्या, "मला नको. इकडे गाणं ऐकायचं आणि तिकडे कधी कानाखाली बसेल याची वाट बघायची. नकोच ते." बाबा डबा उचलून वर गेले. जेवायलाही उशिरा आले.

धक्का का बसतो हे मला कळत होतं. पहिला व्हॉल्व्ह थंड असतो तेव्हा त्याच्याकडून सगळाच्या सगळा दाब दुसऱ्याकडे जातो. मग पहिला तापतो, दाब खाली येतो, आणि थेट तार असल्यामुळे ते सगळे चढउतार हेडफोनपर्यंत पोचतात. मधे कपॅसिटर असता तर बरेचसे तिथेच थांबले असते. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग तू कर तुझ्या पद्धतीने. पार्ट मी देतो."

मी कामावरून आल्यावर तासभर वर बसायचे. चार्टर्ड बसच्या धुरात डोकं भणभणलेलं असायचं, पण त्या खोलीत बसून बरं वाटायचं. बाबा रेझिस्टर निवडून देत, सोल्डरिंगचा डाग देताना बल्ब धरत, आणि माझी चूक झाली की "हं" एवढंच म्हणत. तसाच दुसरा डबा तयार झाला, फक्त मधे कपॅसिटर असलेला. तोही त्यांनी दिला, मेण लावलेला, जुन्या रेडिओतला. "घे, चांगला आहे."

आईंना आम्ही कोणता डबा कोणाचा ते सांगितलं नाही. चालू करून, धक्का होऊन गेल्यावरच हेडफोन त्यांच्या हातात दिला. तीनदा अदलाबदल केली आणि तिन्ही वेळा त्यांनी बाबांचा डबा निवडला. "दुसऱ्यात घशात कफ असल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या. बाबांनी चहा मागितला, तोही जरा मोठ्याने.

मला ते पटेना. दुसऱ्या दिवशी तो कपॅसिटर मी कारखान्यात नेऊन मोजला. तो गळका होता. अडवायचा तो दाब निम्माशिम्मा पुढे सोडत होता आणि दुसरा व्हॉल्व्ह गुदमरत होता. घरी येऊन मी तो त्यांच्यासमोर ठेवला.

"बाबा, हा गळतोय."

"असं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "शंका होती," ते म्हणाले, आणि मग त्यांना हसू आवरेना. एवढं हसताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं. मीही हसले, पण शनिवारी त्यांना घेऊन लाल किल्ल्यासमोरच्या बाजारात गेले. चार दुकानं फिरलो. एक दुकानदार सर्किटचा कागद बघून म्हणाला, "मैडम, ये तो म्यूज़ियम का आइटम है. किसके लिए बना रहे हो?" बाबा म्हणाले, "घर में गाना सुनते हैं." त्याने आतून शोधून प्लास्टिक फिल्मचे नवे कोरे कपॅसिटर आणून दिले.

नव्या कपॅसिटरनिशी पुन्हा रविवारी बसलो. आईंनी दोन्ही डबे ऐकले, परत ऐकले, डोळे मिटून ऐकले. "मला फरक नाही कळत," त्या म्हणाल्या. मग स्वतःच दोन्ही एकेकदा थंड होऊ देऊन, हेडफोन कानाला लावून चालू करून बघितले आणि माझ्या डब्यावर बोट ठेवलं. "हा. हा अंगावर येत नाही."

मी जिंकले होते. बाबा "चलो, ठीक है" म्हणाले आणि आपला डबा घेऊन वर गेले. तासाभराने मी चहा घेऊन गेले तर ते त्याचे स्क्रू काढत बसले होते.

"मोडताय?"

"व्हॉल्व्ह कामाला येतील."

"फरक नसेलही बाबा, पण तुम्हाला थेट का हवं होतं इतकं?"

ते थोडा वेळ स्क्रू फिरवत राहिले. "ट्रान्समीटरवर असताना मी तिचं गाणं कधी नीट ऐकलं नाही. शिफ्ट असायची. बैठक असेल तेव्हा मी ड्यूटीवर. आता ती ऐकणार, तर मधे काही नको, असं वाटलं. तुझं बरोबर आहे. मोजलं तर काही निघत नाही."

मी त्यांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या डब्यासाठी एक छोटं सर्किट बनवलं. एक ट्रान्झिस्टर, एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच. चालू केल्यावर पाऊण मिनिट ते हेडफोन जोडतच नाही. धक्का येऊन जातो, व्हॉल्व्ह स्थिरावतात, मग टक् असा आवाज होतो आणि गाणं सुरू होतं. लाइट गेली की रिले लगेच सुटतो, आली की पुन्हा पाऊण मिनिट थांबतो. मधली तार मी थेटच ठेवली. बाबांनी वीस वेळा तरी बटण बंद-चालू करून बघितलं. "ट्रान्झिस्टर घातलासच शेवटी माझ्या डब्यात," एवढंच म्हणाले.

आईंनी तो डबा घेतला. दुपारी जेवण झालं की त्या खुर्चीत बसत आणि रिलेची टक् होईपर्यंत हातात जपमाळ धरल्यासारखा हेडफोन धरून थांबत. महिनाभराने त्यांचं सकाळचं गुणगुणणं परत सुरू झालं. सूर जरा इकडेतिकडे व्हायचा, पण त्यांनाही ते कळायचं आणि त्या थांबून पुन्हा घ्यायच्या.

एक दुपार मला नीट आठवते. सुट्टी होती, मी तिथेच मटार सोलत होते. आई स्वतःच्याच बैठकीची कॅसेट ऐकत होत्या. मधेच त्यांनी ती थांबवली, मागे घेतली, पुन्हा ऐकली. मग हेडफोन न काढताच, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्याने म्हणाल्या, "अहो, इकडे या. इथे तान संपल्यावर कोणीतरी अगदी हळू 'वा' म्हणतंय. मशीनच्या जवळून. हे कोण?"

बाबा पेपर वाचत होते. "त्या दिवशी सुट्टी मिळाली होती. टेप मीच चालवत होतो."

त्यांनी हेडफोन काढला. "तुम्ही? जन्मात कधी तोंडावर म्हणाला नाहीत."

"टेपवर आहे की," बाबा म्हणाले आणि पान उलटलं.

आईंनी हेडफोन पुन्हा चढवला. कॅसेट मागे घेऊन त्यांनी ती जागा आणखी दोनदा ऐकली. मग माझ्या पुढ्यातल्या निम्म्या शेंगा उचलून माझ्याबरोबर मटार सोलायला बसल्या.

माझा डबा बाबांकडे गेला. जुन्या रेडिओवरच्या बातम्या ऐकायला बरा पडतो, म्हणायचे, पण त्यावर ते आईंच्याच कॅसेटची दुसरी प्रत लावून बसलेले मी कितीदा पाहिले. पुढे सेक्टरमधल्या दोन बंगाली मुली आईंकडे शिकायला येऊ लागल्या, आणि त्या आल्या की दोन्ही डबे बंद करून ठेवायचे असा नियम झाला. रविवारी दुपारी मात्र दोघं सोफ्याच्या दोन टोकांना कान झाकून बसलेली असायची. हाक मारून उपयोग नसायचा. चहा झाला की मी जाऊन आधी आईंच्या आणि मग बाबांच्या खांद्याला हात लावायचे.