किती तास लागतील, ताई?

विमानाच्या तिकिटांच्या ऑफिसात चार वर्षं काढली की सांगण्यासारखं पोतंभर साठतं. ऐंशीनंतरची गोष्ट. अंधेरी पूर्वेला, स्टेशनसमोर, एका केमिस्टच्या डोक्यावर आमचं ऑफिस. मी आणि विलास, दोघंच. तिकीट घेऊन गेलेली माणसंही परत येत. भाव विचारायला नव्हे, तास विचारायला.

विक्रोळीच्या राणेकाकूंचा मुलगा मस्कतला निघाला होता. मी सांगितलं, अडीच तास. त्यांचा विश्वास बसेना.

"अगो, कणकवलीला जायला आम्हाला अख्खी रात्र लागते. मग हा परदेशात चाललाय कसला?"

जरा हसल्या, आणि लगेच डोळ्यांना पदर लावला. "एवढं जवळ, तर मग कंपनीने दोन वर्षं यायचं नाही असं का लिहून घेतलंय?"

मुलुंडचे जोशी सर गणित शिकवायचे. मुलगा लंडनहून न्यूयॉर्कला जाणार होता. वेळापत्रकात सुटायची वेळ अकरा, पोचायची दीड. सरांनी वजाबाकी केली आणि घामाघूम होऊन जिना चढून आले. एवढा अटलांटिक अडीच तासांत?

तिथलं घड्याळ पाच तास मागे असतं, हे मी कागदावर काढून दाखवलं. सरांनी तपासलं, बरोबर म्हणाले. जिन्यापर्यंत गेले आणि वळले.

"तरी पायलटला निरोप देता येतो का बघा. आम्हाला घाई नाही म्हणावं."

साठेकाकूंची मुलगी बाळंतपणानंतर तान्ह्या बाळाला घेऊन नैरोबीला, सासरी परत निघाली. सहा तासांचा प्रवास. काकू दर अर्ध्या तासाने फोन करत. "आत्ता कुठे असेल रे?" विलास भिंतीवरच्या नकाशाला पट्टी लावून खरं ते सांगायचा, "समुद्रावर, काकू." चौथ्या फोनला त्या रडायला लागल्या. विलासने पट्टी खाली ठेवली. "जमीन लागली, काकू." नकाशावर तेव्हा चहूकडे निळंच होतं.

आणि घाटकोपरची शैला परब. वडील गिरणीतून रिटायर झालेले, आता शेवटच्या घटका मोजत होते. भाऊ लंडनहून नुकताच निघाल्याचा फोन शेजारी आला होता. ती धावत आमच्याकडे आली. मी हिशेब केला. विमानाचे साडेनऊ, कस्टमचा एक, सहार विमानतळाहून घाटकोपर एक. बारा तास धर.

"बाबांना तीनच सांगू का, ताई?"

मी हिशेबाचा कागद तिच्या हातात दिला.

पंधरा दिवसांनी ती भावाचं परतीचं तिकीट कन्फर्म करायला आली. मी भीतभीतच विचारलं, "भेट झाली?"

तिने मान डोलावली. "मी तीनच तास सांगितले होते. बाबांनी डोळे उघडले. म्हणाले, 'चेडवा, तीस वर्षां गिरणीच्या भोंग्यार काम केलंय. माका फसवू नको. खरे किती तां सांग, तितके मी थांबतंय.'"