बंदरावरची स्पॅनिश आणि गनीभाई सारंग

गनीभाई सारंगांची आणि माझी पहिली भेट कुवेतमध्ये, शुऐब्याच्या बंदरावर झाली. साठचे दशक निम्मे सरले होते. बंदर नवे होते, धक्क्याचे काँक्रीट अजून पांढरेफटक होते आणि मी त्याहूनही कोरा होतो. पुण्यात एका विदुषी बाईंकडे तीन वर्षे स्पॅनिश शिकून, परीक्षेत पहिला येऊन, मी बंदराच्या कचेरीत दुभाषा म्हणून रुजू झालो होतो. पहिल्याच आठवड्यात चिली देशाच्या एका खलाशाशी मी माझ्या मते अस्खलित स्पॅनिश बोललो. तो हात बांधून ऐकत राहिला आणि शेवटी त्याने अदबीने टोपी काढली. मला धन्य वाटले.

तेवढ्यात शेजारी उभे असलेले एक गृहस्थ हळूच म्हणाले, "साब, तुमी बोलताव ता बरोबर हाय. पन तसा त्यांच्या गावात फक्त पादरी बोलतो." खाकी विजार, डोक्यावर जाळीची पांढरी टोपी आणि काखेत पुठ्ठ्याची वही. हे धक्क्यावरचे मुकादम अब्दुल गनी सारंग. ते त्या खलाशाशी दोन वाक्ये बोलले आणि तो माणूस खळखळून हसला, खिशातून बायकोचा फोटो काढून दाखवू लागला. मी मात्र रागाने लाल झालो होतो. एका मुकादमाने माझी स्पॅनिश तपासावी हे मला झेपले नाही.

आज त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथासाठी हे लिहिताना तो राग आठवून मला माझीच कीव येते. गनीभाई दाभोळच्या खाडीकाठचे. शाळा चौथीपर्यंत. पन्नासच्या दशकात ते मालवाहू जहाजांवर खलाशी होते. ब्वेनोस आयरेस, कयाओ, वेराक्रूझ ही बंदरे मी नकाशात पाहिली होती, त्यांनी तिथे दोर ओढले होते. पुढे ते कुवेतच्या जुन्या बंदरावर उतरले ते तिथेच राहिले आणि शुऐबा सुरू झाल्यावर इकडे आले. स्पॅनिश ते कोणाकडेही शिकले नव्हते. ती त्यांनी ऐकली होती.

त्यांच्या खिशात तंबाखूच्या जुन्या डबीत मूठभर राजमा असे. नवा स्पॅनिश बोलणारा खलाशी भेटला की गनीभाई डबी उघडून विचारत, तुमच्या घरी याला काय म्हणतात? मेक्सिकोचा माणूस म्हणे फ्रिहोल. चिलीचा आणि अर्जेंटिनाचा म्हणे पोरोतो, आणि हा शब्द तिथल्या डोंगरी लोकांच्या केचुआ भाषेतला, असे गनीभाई मला सांगत. व्हेनेझुएलाचा म्हणे काराओता. स्पेनच्या उत्तरेकडचा म्हणे आलुबिया. एकदा ते मला हाताला धरून बंदराबाहेरच्या बक्काल्यात, म्हणजे किराणा दुकानात, घेऊन गेले आणि तिथल्या इराणी दुकानदाराला तीच डबी दाखवली. तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "लूबिया. और क्या?" अरबांनी स्पेनला नेलेला शब्द स्पेनच्या जहाजावर बसून पुन्हा अरबांच्या दारात आला होता. मी तीन वर्षांत जे शिकलो नव्हतो ते पोत्यांच्या मधल्या त्या अरुंद वाटेत उभे राहून शिकलो.

त्यांच्या वह्या मी पुढे पाहिल्या. प्रत्येक शब्दापुढे सांगणाऱ्याचे नाव, गाव, आणि घरी तो दुसरी कोणती भाषा बोलतो याची नोंद. गालिसियाचा असेल तर गालेगो, पाराग्वेचा असेल तर ग्वारानी. लिपी देवनागरी, कारण उच्चार तिच्यात बरा पकडता येतो, असे त्यांचे म्हणणे. एखादा शब्द चुकीचा आहे असे त्या वह्यांत कुठेही लिहिलेले नाही. मी एकदा विचारले, की यातला शुद्ध शब्द कोणता, तो तरी खूण करून ठेवा. मी काय विचारतो आहे हेच त्यांना समजले नाही.

शुद्धतेचा हा किडा माझ्याच डोक्यात होता. कुवेत शहरातल्या बनेद अल-गार वस्तीत आम्हा मराठी मंडळींची महिन्यातून एकदा बैठक भरे. तिथे गनीभाईंनी एकदा सहलीची सूचना वाचून दाखवली. "मना असा वाटतं" असे ते म्हणाले, आणि मी सर्वांदेखत म्हणालो, "मला, गनीभाई, मला." लोक हसले. गनीभाईही हसले, आणि त्यांनी वही उघडून मला विचारले, "तुमच्या घरात आजी पन 'मला'च बोलते काय? गाव कंचा?" आणि माझे नाव, गाव खरोखरच लिहून घेतले. त्या वहीत मी आजही एका खलाशाच्या आणि एका आचाऱ्याच्या मधोमध आहे.

आता ज्या प्रसंगासाठी मी लेखणी हाती घेतली तो सांगतो.

एका मालवाहू जहाजावरून पेट्या उतरवताना दोरखंड तुटला. पेटी कोसळली आणि एका खलाशाचा पाय मोडला. जहाजावरचे अधिकारी स्पेनचे होते. खलाशांवर देखरेख करणाऱ्या तांडेलाने सांगितले, की दोरांवर नजर ठेवायचे काम बेनितो नावाच्या खलाशाचे होते, दोर झिजल्याचे त्याने कोणालाच सांगितले नाही. बेनितो फिलिपिन्सच्या झांबोआंगा गावचा. त्याला बंदरावरच्या पोलीस चौकीत आणून बसवले. जहाज दुपारी, असरच्या नमाजाआधी सुटणार होते. त्याची जबानी नीट लिहून, सही होऊन तो निर्दोष ठरला तर तो जहाजावर जाणार. नाहीतर परक्या देशात, ना ओळख ना बताका, म्हणजे ओळखपत्र, अशा अवस्थेत, कोठडीत राहणार. बेनितो सारखा खिडकीतून जहाजाकडे पाहत होता.

जबानी घ्यायला मला बोलावले. बेनितो भडाभडा बोलू लागला. शब्द स्पॅनिश वाटत, पण त्यांची चाल आणि सांधे त्याच्या बेटांचे होते. मला जेमतेम निम्मे कळत होते. शेजारी उभा असलेला स्पॅनिश अधिकारी तुच्छतेने म्हणाला, "ही स्पॅनिश नाही, स्वयंपाकघरातली बडबड आहे. तुम्ही सार तेवढे लिहा." हे मला फार सोयीचे वाटले. गनीभाईंना विचारावे असे मनात आले होते, पण अधिकृत दुभाषाने मुकादमाला कसे विचारायचे? बेनितो तेच तेच पुन्हा सांगतो आहे असे मला वाटले, म्हणून फापटपसारा काढून टाकला आणि उत्तम स्पॅनिशमध्ये एक वाक्य लिहिले: दोरखंड खराब असल्याची कल्पना मी वरिष्ठांना आधी दिली होती.

कुवेती पोलीस अधिकारी सज्जन होता. मी वाक्याचा अर्थ सांगितल्यावर त्याने विचारले, "आधी म्हणजे केव्हा? कोणाला?" मी कागदाकडे पाहिले. कागदात उत्तर नव्हते. ते वाक्य मी बेनितोला वाचून दाखवले तेव्हा त्याने सहीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. त्याच्या साहेबांच्या तोंडची भाषा माझ्या कागदातून येत होती. हा कागद त्यांचाच आहे असे त्याला वाटले असणार. त्यानंतर तो एक अक्षर बोलेना. सही नाही तर माणूस इथेच राहील, असे पोलीस अधिकाऱ्याने मला सांगितले. एका माणसाचे जहाज माझ्यामुळे चुकणार होते.

तेव्हा मी धक्क्यावर धावत गेलो. तिथेही मी गनीभाईंना म्हणालो, "जरा किरकोळ अडचण आहे." त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि हातातले काम टाकून ते निघाले.

चौकीत आल्यावर ते खुर्चीवर बसले नाहीत. बेनितो जमिनीवर उकिडवा बसला होता, त्याच्याशेजारी जाऊन बसले. दोराबद्दल त्यांनी काहीच विचारले नाही. वही उघडली. झांबोआंग्याचा आणखी एक खलाशी त्यांना काही वर्षांपूर्वी भेटला होता, त्याने सांगितलेली अकरा पाने त्यांच्याकडे होती. मासे, भात, बहिणीचे लग्न, असे काहीबाही. ते मोठ्याने वाचू लागले. बेनितोने मान वर केली. कुठल्याशा वाक्याला तो हसला, मग एकदम रडू लागला. गनीभाई थांबले, त्याला पाणी दिले आणि म्हणाले, आता तू सांग.

तो जसे बोलला तसे त्यांनी लिहिले, एक शब्दही न गाळता. सकाळी कॉफी नेताना आचाऱ्यासमोर तांडेलाला सांगितले, तो हसला. जेवणाच्या वेळी पुन्हा सांगितले, तो म्हणाला, आधी नीट बोलायला शीक. तिसऱ्या वेळी तांडेलाचा हात धरून दोरावर ठेवला, त्याने हात झटकला. मी ज्याला फापटपसारा म्हणून काढून टाकले होते ते हे होते. गनीभाईंनी सगळे परत वाचून दाखवले आणि वहीत सांगणाऱ्याचे नाव लिहायच्या त्यांच्या पद्धतीप्रमाणे विचारले, हे कोण बोलतंय? बेनितोने तळहात कागदावर ठेवला आणि म्हणाला, मी. मग सही केली. आचाऱ्याला बोलावले. त्याने तिन्ही वेळा पाहिले होते, पण त्याला कोणी विचारलेच नव्हते. पोलीस अधिकाऱ्याने बेनितोला जायला सांगितले. जहाजाची शिडी वर घ्यायला पाव तास उरला होता. तो शिडीवर अर्ध्यात थांबून गनीभाईंना ओरडून काहीतरी म्हणाला. ते काय होते हे त्यांनी मला कधीच सांगितले नाही, आणि विचारण्याचा हक्क मला नव्हता.

गनीभाईंनी अर्थ सांगितला तसे भाषांतर चौकीतच तयार झाले होते, पण त्याखाली सही फक्त अधिकृत दुभाषाची चाले. गनीभाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली.

दोन महिन्यांनी जहाज कंपनीच्या कचेरीकडून पत्र आले. दुभाषे श्री. जोशी यांचा संयम आणि बोलीभाषांचे दुर्मीळ ज्ञान यांची त्यात तोंडभर स्तुती होती. मला बढती मिळाली. त्या संध्याकाळी गनीभाई हलव्याचा डबा घेऊन माझ्या खोलीवर आले आणि जमलेल्या मंडळींना म्हणाले, "जोशीसाबनी त्या गरिबाना घरी धाडला." मी त्यांच्या चेहऱ्यावर उपहास शोधला. तो नव्हता. बऱ्याच दिवसांनी एकदा एकटे असताना मी विषय काढला, तर म्हणाले, "जहाज त्याना घेऊन गेला ना? बस झाला मग." मी हलवा खाल्ला, अभिनंदने घेतली आणि गप्प राहिलो. तीस वर्षे गप्प राहिलो. निवृत्तीच्या समारंभातही वक्त्यांनी बेनितोची गोष्ट माझ्या नावावर सांगितली आणि मी नम्रपणे मान खाली घातली होती.

गनीभाई, ते पत्र मी या ग्रंथाच्या संपादकांकडे पाठवले आहे. त्यातला प्रत्येक शब्द आपल्याविषयी आहे. नाव तेवढे चुकीचे पडले आहे, आणि ते चुकीचे आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. क्षमा मागत नाही, कारण आपण "कसली?" म्हणून विचाराल आणि मला पुन्हा गप्प व्हावे लागेल. अल्लाने आपल्याला शंभरीपार निरोगी ठेवावे, हे मागणे मात्र अगदी आपमतलबी आहे. तीस वर्षे मी ही गोष्ट खोटी ऐकून घेतली. निदान तितकीच वर्षे आपण समोर बसलेले असताना मला ती खरी सांगायची आहे.