साहेबांच्या फाटकाचा गंज

आमच्या घरमालकांच्या फाटकावर एक लोखंडी पाटी होती. नावाखाली तीन ओळी. पहिलीत पदव्या, दुसरीत मुख्य अभियंता हे पद, आणि तिसरीत बारीक अक्षरांत, नाइलाजाने लिहिल्यासारखं, 'निवृत्त'. चंदीगडमध्ये अशा पाट्यांचं नवल नाही. आमच्या रस्त्यावरून सकाळी फिरायला निघालं की कोपऱ्यापर्यंत जाताना अख्खं सचिवालय वाचून होतं. काही घरांत कुत्र्याचीही वेगळी पाटी आहे. त्याच्यापुढे मात्र 'निवृत्त' लिहिलेलं नसतं.

मी केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीवर इथे आलेला. मूळचा सांगलीचा, पण घरमालक साहेबांच्या लेखी महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक माणूस मुंबईचाच, म्हणून ते मला 'बंबई साहब' म्हणतात. तळमजल्यावर आम्ही तिघं: मी, बायको आणि बारावीतली मुलगी, जिला मराठी सगळं कळतं आणि जी उत्तर हिंदीत देते. वरच्या मजल्यावर साहेब एकटे. पत्नी जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा कॅनडात.

डिसेंबरातल्या एका सकाळी साहेब खाली आले आणि खुर्चीच्या काठावर बसले. मुलाशी व्हिडिओवर बोलताना त्यांनी धुकं दाखवायला म्हणून फोन बाल्कनीतून खाली वळवला होता. मुलाला धुक्यातूनही फाटक दिसलं.

"कहता है, पापा, गेट का ये हाल है तो आपका क्या हाल होगा," साहेब म्हणाले. "अगले इतवार आ रहा है. कोठी बेचेगा और मुझे साथ ले जाएगा."

"और आप क्या चाहते हैं?"

"मैं वहाँ जाकर क्या करूँगा जी? बर्फ हटाऊँगा?"

फाटक वाईट झालं होतं हे खरं. रंगाला पोपडे आलेले, बिजागऱ्यांखाली तांबडे ओघळ. पण या घरात साहेबांना पायऱ्यांकडे न बघता जिना उतरता येत होता, भाजीवाला हाक न मारता थांबत होता. ते सगळं आता फाटकावर येऊन ठेपलं होतं. त्यांना धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "साहब, चिंता मत कीजिए. आपका गंज मैं निकाल दूँगा."

साहेबांनी सावकाश डोक्यावरची लोकरीची टोपी काढली. खाली एकही केस नव्हता.

"सेक्टर बत्तीस के बड़े-बड़े डॉक्टर हाथ जोड़ चुके," ते म्हणाले. "आप निकाल दोगे?"

आतून मुलगी ओरडली, "बाबा! गंज मतलब टकलापन! लोहे को जंग लगता है, जंग!"

ते मला माहीत होतं. पण आमच्याकडे जंग म्हणजे लढाई, आणि एका फाटकासाठी एवढा मोठा शब्द वापरायला जीभ वळत नाही.

माझ्याकडे गाडी धुवायचा प्रेशर वॉशर होता. त्याला जोडून वाळू मारायचं एक उपकरण सेक्टर बावीसच्या बाजारात मिळालं. खोक्यावर पांढऱ्याशुभ्र शर्टातला एक माणूस हसत हसत जहाज साफ करत होता. आत निघाली एक तोटी, एक लांब नळी आणि एक कागद. तत्त्व सोपं होतं. तोटीतून पाण्याची धार जोरात गेली की नळीचं दुसरं टोक बादलीतली वाळू आपोआप ओढून घेतं, आणि पाणी व वाळू मिळून लोखंडावर आदळतात. पाण्यामुळे धूळ फारशी उडत नाही. अट एकच: बादलीतली वाळू ठणठणीत कोरडी हवी.

डिसेंबरच्या चंदीगडमध्ये कोरडं काही नसतं. टॉवेल तीन-तीन दिवस दोरीवर असतात. पहिल्या दिवशी नळीत वाळूचा लगदा अडकला आणि यंत्राने नुसतंच पाणी मारलं. साहेब बाल्कनीत उभे होते.

"नहला तो दिया," ते वरून म्हणाले. "अब पाउडर भी लगा दो."

तेव्हा मी आमच्या घरात वाढलेल्या माणसाला सुचेल तेच केलं. वाळू पिठाच्या चाळणीने चाळली आणि शिऱ्याचा रवा भाजतात तशी कढईत मंद आचेवर भाजायला घेतली. बायको ओट्याशी येऊन दोन मिनिटं नुसती बघत राहिली.

"वेलची देऊ काढून?"

"थट्टा नको. ढेकळं मोडतायत बघ कशी."

"बघतेय. आणि ती चाळण?"

"धुऊन देतो."

"नको. ती आता तुमच्या यंत्रालाच राहू दे. आणि कढईसुद्धा. मला दोन्ही नवी आणा."

शनिवारी दुपारी धुकं जरा विरलं. मुलगा दुसऱ्या दिवशी येणार होता. मी गॉगल लावला, मास्क लावला, रेनकोट चढवला. साहेबांनी एकच बजावून सांगितलं होतं, "प्लेट को कुछ नहीं होना चाहिए." म्हणून मी पाटीवर प्लास्टिक गुंडाळून वर चिकटपट्टी मारली होती.

या वेळी वाळू ओढली गेली. धारेचा आवाज बदलला, खरखरीत झाला. पोपडे गळून पडले आणि खालून शिसपेन्सिलीच्या टोकासारखं करडं लोखंड दिसू लागलं. मला मजा यायला लागली हे कबूल केलं पाहिजे. खोक्यावरचा माणूस का हसत होता ते कळलं. हातात एवढा जोर आला की आपण काही तरी थोर काम करतो आहोत असं वाटू लागतं, आणि थोर काम करणाऱ्या माणसाचं लक्ष कमी असतं. भिजलेली चिकटपट्टी केव्हाच सुटली होती. धार पाटीवरून गेली, प्लास्टिक उडालं, आणि पहिला पुसला गेला तो शब्द 'निवृत्त'.

मी यंत्र बंद करून वर पाहिलं. बाल्कनी रिकामी होती. साहेब जिना उतरत होते.

ते पाटीसमोर उभे राहिले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात तेच म्हणाले, "बंबई साहब, मेरी तो नौकरी वापस लग गई."

"सॉरी, साहब. पेंटर को बुलाता हूँ, शाम तक—"

"रुको."

ते वाकले. जिथला शब्द गेला होता तिथे काळ्या रंगाखालून हिरव्याची कड दिसत होती. प्रत्येक बढतीनंतर पेंटरने जुनं न खरवडता त्यावरच नवं रंगवलं होतं. साहेब त्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग बाजूला झाले. "चलाओ," ते म्हणाले.

मी लांबून, हलक्या हाताने धार फिरवू लागलो. मुख्य अभियंता गेले, खालून अधीक्षक अभियंता आले. ते गेले, कार्यकारी अभियंता आले. एका पदावनतीसाठी सरकारला चौकशी समिती नेमावी लागते. मी पाव तासात दोन केल्या, आणि प्रत्येक वेळी साहेब नुसतं 'हूँ' म्हणाले. मग कार्यकारी अभियंताही गेले आणि खाली निळा रंग लागला. त्यावर पद नव्हतं, पदव्या नव्हत्या. घराचा नंबर होता आणि दोन नावं. वरचं त्यांच्या पत्नीचं, खालचं साहेबांचं. अक्षरं इथे-तिथे उडाली होती, पण वाचता येत होती.

"बस जी," साहेब म्हणाले. मी आधीच थांबलो होतो.

"कोठी बनी तो उसका नाम पहले लिखवाया था," ते पुढे म्हणाले. "फिर प्रमोशन हुआ. पेंटर ने कहा, जगह कम है."

त्यांनी टोपी कानांवर ओढून घेतली.

ओलं उघडं लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस पडतं, त्यामुळे तिथे उभं राहायला कुणाला वेळ नव्हता. बायकोने जुने पंचे आणले, मुलीने वायर ओढून केस वाळवायचा ड्रायर आणला, आणि अंधार पडायच्या आत मी फाटकाला करडा प्रायमर फासला. पाटीला साहेबांनी हात लावू दिला नाही. तिच्यावर त्यांनी स्वतः पारदर्शक वार्निशचा एक हात दिला. तोही जरा वाकडाच.

रविवारी मुलगा टॅक्सीतून उतरला. फाटक बघायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. बॅग हातात तशीच ठेवून तो पाटी वाचत राहिला.

"ये कब लिखवाया?"

"तेरे पैदा होने से पहले," साहेब म्हणाले.

मुलाने वरच्या नावावर बोट ठेवलं आणि काही वेळ काढलंच नाही.

पुढचे दोन आठवडे वरच्या मजल्यावर बोलणं चालू होतं. कधी आवाज चढायचे, कधी खुर्च्या सरकायच्या. आम्ही खाली कान देऊन ऐकत होतो, कारण मुलीची परीक्षा तोंडावर होती आणि आम्हालाही घर हवं होतं. पण घर बघायला कुणी आलं नाही. जायच्या दिवशी मुलगा खाली आला, त्याने माझा फोन नंबर घेतला आणि विचारलं, "अंकल, गेट पर पेंट कब होगा?"

"धूप निकलते ही," मी म्हणालो.

तो एकटाच टॅक्सीत बसला. टॅक्सी वळेपर्यंत साहेब फाटकाशी उभे होते. मग खाली वाकून त्यांनी फाटकाची तळाची पट्टी पाहिली. माझा ब्रश तिथे पोचला नव्हता आणि एक तांबडा ठिपका आला होता.

"बंबई साहब, मशीन संभाल के रखना," ते म्हणाले. "अगली सर्दी में गंज फिर निकालना पड़ेगा."

मुलगी शेजारीच उभी होती. तिने त्यांची हिंदी सुधारली नाही.